टेबलावरून उठल्यावर वहीत काय लिहायचं

मी सावंतवाडीला राहते. गेली तेरा वर्षं पोकर हाच माझा धंदा आहे. आठवड्यातून चार दिवस पणजी गाठायची, जेटीवरून छोट्या बोटीने मांडवीतल्या कॅसिनो जहाजावर जायचं आणि पहाटे परत. नवी मुलं विचारतात, ताई, ब्लफ कधी मारायचा? मी त्यांना आधी दोनशे पानी वही घ्यायला लावते.

सुरुवातीला त्यात डाव लिहू नका. तारीख, बसल्याची आणि उठल्याची वेळ, किती पैसे घेऊन बसलात, किती घेऊन उठलात, आदल्या रात्रीची झोप, एवढंच लिहा. शिवाय एक ओळ: का उठलो, किंवा उठायला हवं होतं तरी का बसून राहिलो. हे गाडी सुरू करायच्या आधी लिहायचं. माझं मन बांद्याला चहा घेईपर्यंत सगळ्या चुका पत्त्यांच्या माथी मारून मोकळं झालेलं असतं.

दोन वर्षांच्या नोंदी मी एकदा सलग वाचल्या. तोवर माझी खात्री होती की मी हरल्यावर बिथरते. वहीत निघालं भलतंच. सर्वांत वाईट दहा रात्रींपैकी सात रात्री मोठ्या जिंकण्याच्या दुसऱ्या दिवशीच्या होत्या. जिंकले की झोप उडायची, मी ऐपतीपेक्षा मोठ्या टेबलावर बसायचे आणि बादशहा-आठसारखे एरवी टाकून दिले असते ते पत्ते खेळायचे. चिडचिड नाही, आवाज चढलेला नाही, उलट मी खुशीत. टिल्ट, म्हणजे भावनेच्या भरात खेळ बिघडणं, असाही येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मोठं जिंकले की दुसऱ्या दिवशी सुट्टी. तुमचं बिनसायला वेगळं काही कारण असेल: भूक, घरातलं भांडण, समोरच्याचं हसू. ते वहीतूनच सापडेल, पण निदान सहा महिने लिहावं लागेल.

एवढा वेळ का, ते सांगते. सुरुवातीला हातात येणाऱ्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला 25 ते 30 डाव होतात, म्हणजे आठ तासांत साधारण एकदा. ती आली, समोर बादशहांची जोडी आली आणि सगळे पैसे मध्ये गेले, तरी पाचांतून जवळजवळ एकदा एक्के हरतात. ऑनलाइन चार टेबलांवर माझे तासाला अडीचशे डाव व्हायचे. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा झाला आणि ते बंद पडलं. आता तेवढ्याच डावांना नऊ-दहा तास लागतात. नीट खेळूनही महिना-दोन महिने तोटा होऊ शकतो. म्हणून रात्रीचे तीन मोठे निर्णय निवडते आणि पैसे आले की गेले ते न बघता त्यांच्यापुढे लिहिते: बरोबर, चूक, कळत नाही. 'कळत नाही' असलेले डाव दुसऱ्या दिवशी दुपारी, झोप झाल्यावर, पुन्हा मांडून बघते.

पैशाचं थोडक्यात. खेळाचं खातं वेगळं ठेवा. 100-200 च्या टेबलाचा, म्हणजे जिथे पत्ते बघण्याआधीच्या सक्तीच्या पैजा 100 आणि 200 रुपये असतात त्याचा, माझा बाय-इन (घेऊन बसायची रक्कम) 20,000 रुपये. असे 40, म्हणजे 8 लाख, खात्यात असतील तरच मी तिथे बसते. 30 च्या खाली आले की लहान टेबल. सहा महिन्यांचा घरखर्च नवऱ्याच्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर, वर उपकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. पहिल्याच वर्षी सीए गाठा.

खेळ येतो तेवढं पुरे, असं वाटत असेल तर अमेरिकन पोकर खेळाडू स्टू उंगर आठवा. 1980, 1981 आणि 1997 अशी तीनदा पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकलेला माणूस 1998 च्या नोव्हेंबरात लास वेगासच्या एका मोटेलात 45 व्या वर्षी गेला. व्यसनाने शरीर आणि पैसा दोन्ही खाल्लं होतं. त्याच्याइतकी बुद्धी मला मिळालेली नाही, म्हणून मी जहाजावर दारूला शिवत नाही, सहा तासांचा गजर लावते आणि तो वाजला की चालू डाव संपवून उठते. पुढे असले तरी, मागे असले तरी. मागे असताना हे जड जातं. अजूनही जातं.

महिन्याच्या शेवटी वही घरातल्या एका माणसाला दाखवा. माझी वही नवरा वाचतो. त्याला पोकर कळत नाही, तारखा आणि आकडे कळतात. वही लपवावीशी वाटली, एखादा आकडा कमी करून लिहावासा वाटला किंवा खेळण्यासाठी कुणाकडे उसने मागितले, तर त्या दिवसापासून खेळ थांबवा आणि 14416 वर फोन लावा. ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा, मराठीतही बोलतात. 2023 च्या जूनमध्ये मी एका रात्री हरलेले 60,000 वहीत 20,000 करून लिहिले होते. दुसऱ्या दिवशी तो फोन केला, संध्याकाळी नवऱ्याला खरा आकडा सांगितला आणि त्यानंतर सात आठवडे जेटीवर गेले नाही.