कूलंट कमी होतंय, पण गळती कुठेच दिसत नाही: माझा अनुभव

गाडी पेट्रोल, 9 वर्षं जुनी. शहरात तापमानाचा काटा मधोमध. खंबाटकी घाट चढायला लागलो की लालकडे. दर आठवड्याला कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत अर्धा लिटर कमी, पण पार्किंगमध्ये खाली एक थेंब नाही.

थर्मोस्टॅट बदलला, टाकीचं झाकण बदललं, रेडिएटर धुऊन घेतला. फरक शून्य. एका गॅरेजवाल्याने थेट हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलचा) खर्च सांगितला, तेव्हा डोकं इंजिनाआधी तापलं. पण ते गेल्याच्या खुणा दिसत नव्हत्या: ऑइल दुधाळ नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता.

शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन पूर्ण थंड असताना टाकीला प्रेशर टेस्टर लावला आणि झाकणावर छापलेल्या आकड्याएवढा, म्हणजे 1.1 बार दाब दिला. वीस मिनिटांत टेस्टरचा काटा 0.8 वर, म्हणजे गळती होतीच. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन खालून पाहिलं: कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या पुलीमागे बारीक भोक असतं, तिथे वाळलेल्या कूलंटचा गुलाबी थर साचलेला. पंपाच्या आतलं सील गेलं की कूलंट तिथूनच झिरपतं. आमचं गरम इंजिनावरच वाळून जात होतं.

पंप, त्याचं गॅस्केट आणि बेल्ट बदलला. पुन्हा दाब देऊन पाहिला; काटा हलला नाही. मग हीटर फुल गरमवर ठेवून, हवा काढायचा स्क्रू उघडून, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं हळूहळू ओतलं. बुडबुडे थांबल्यावर स्क्रू बंद, झाकण बंद, रेडिएटरचा फॅन दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन चालू. रात्रभर थंड झाल्यावर पातळी पाहून थोडं वर भरलं. (झाकण गरम असताना उघडू नका, हात भाजतो.)

त्यानंतर 1,200 किलोमीटर, दोनदा खंबाटकी. पातळी जिथल्या तिथे.