लोवेलला निघण्याआधी

आधी वेळापत्रक बघा, तारीख मग ठरवा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या या जुन्या, कापड गिरण्यांच्या गावाला १९७८ साली राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला, पण कालव्यातल्या बोटी उन्हाळ्यातच चालतात आणि संग्रहालयाच्या वेळाही मोसमाप्रमाणे बदलतात. बोटीची जागा राखून ठेवलेली बरी. बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकलने पाऊण तास, पुढे सुमारे मैलभर पायी. तेव्हा पायात जुने, सरावलेले बूट हवेत. (तिथली ‘बूट मिल’ ही कापड गिरणी मात्र बूट आडनावाच्या गृहस्थांची.)

गिरणीत शिरायची घाई नको, पाणी आधी. मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी ३२ फूट खाली उतरते, त्या उतारासाठीच हे गाव इथं वसलं. ज्यांचं नाव गावाला दिलं ते फ्रान्सिस कॅबट लोवेल १८१७ मध्येच वारले होते, गाव झालं १८२६ ला! कालव्याकाठी थोडं चाललात की गिरणीचं चाक कशाच्या जोरावर फिरायचं ते आपोआप कळतं.

मग बूट मिलचं साचेखातं, म्हणजे विणकामाचा विभाग. कानात घालायचे बोळे तिथं मिळतात, लहान मुलं असतील तर त्यांच्या मापाचे घरूनच न्या. मोजकेच माग चालू असतात, तरी पायाखालची फरशी थरथरते. तिथं जुना धोटा (मागावर आडवा धागा नेणारा लाकडी ठोकळा) दिसला तर त्याच्या टोकाजवळचं बारीक भोक शोधा. धाग्याची नवी कांडी आत घातली की विणकर बाई त्याला ओठ लावून श्वासानं धागा ओढून घ्यायची. रुईचे तंतू तोंडात जायचे, एकीचा आजार दुसरीला लागायचा. मुंबईत याच उष्ट्या धाग्याचं कारण सांगून दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत, १९२८ च्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी तो प्रश्न मांडला होता. या धोट्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबेन.

गिरणीत राबणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाचं दालन चुकवू नका. आठवड्याला सरासरी ७३ तास काम, तेही घंटेच्या तालावर. वही जवळ असू द्या आणि मार्गदर्शकाला विचारा, कापूस कुठून यायचा? दक्षिणेतल्या, गुलामांच्या घामावर चालणाऱ्या मळ्यांतून.

चित्रकार व्हिसलरचं जन्मघर वेळ उरला तर. परतीच्या लोकलची वेळ फोनमध्ये टाकून ठेवा, एक चुकली की दुसरीची वाट बरीच बघावी लागते.