मृण्मूर्तीची पाठ आधी पाहा

ग्रीक शिल्पकला शिकायची म्हटली की बहुतेक जण संगमरवरी देवदेवतांकडे धावतात. मी मृण्मूर्ती, म्हणजे भाजलेल्या मातीच्या छोट्या मूर्ती, घेतल्या. 'एवढ्याशा बाहुल्यांत काय पाहायचं?' असं घरीही विचारून झालं. पण नवख्याने याच वाटेने यावं, असं माझं मत. नामवंत पुतळे दोरीपलीकडून पाहावे लागतात. मृण्मूर्ती मात्र परवानगी काढली तर हातात घेता येतात, आणि या विषयात हाताला कळतं ते पुस्तकातून कळत नाही.

ग्रीसच्या बिओशिया भागातलं तनाग्रा घ्या. १८७० नंतर तिथली थडगी अंदाधुंद खणली गेली आणि वस्त्र लपेटून उभ्या असलेल्या वीतभर स्त्रिया युरोपच्या बाजारात आल्या. त्या इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांतल्या. सगळे त्यांच्या चेहऱ्यावर भाळतात. तुम्ही मूर्ती फिरवा. पाठ बहुधा साधी, थापलेली. मध्ये भोक असतं, भट्टीत वाफ कोंडून मूर्ती फुटू नये म्हणून. कडेला पुढच्या-मागच्या भागांचा सांधा दिसतो. डोकं बऱ्याचदा वेगळ्या साच्यातलं, म्हणून एकाच साच्यातल्या धडांवर निरनिराळी डोकी सापडतात. आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मिरिना या गावच्या काही मूर्तींच्या पाठीवर तर डिफिलॉससारखी कारागिरांची नावंही आहेत. संगमरवराच्या कौतुकात ही माणसं कुणाला आठवतात?

दुसरं, कॅलिपर, म्हणजे नेमकं माप घ्यायचं चिमट्यासारखं साधन, बाळगा. माती वाळताना आणि भाजताना आकसते. तयार मूर्तीवरूनच नवा साचा घेतला की त्यातली मूर्ती आधीच्या मूर्तीपेक्षा लहान निघते, नाकडोळेही बोथट होतात. पेणच्या कारखान्यात साच्यातून गणपती निघताना पाहिला असेल, तर हे समजायला वेळ लागणार नाही. एकाच नमुन्याच्या मूर्ती मापानुसार लावल्या की कुठली आधीची, कुठली नंतरची, हे बरंचसं उलगडतं. काम कंटाळवाणं आहे खरं. मला आवडतं.

ग्रीसच्या एजियन समुद्रातल्या सायक्लेडिक बेटांच्या, इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातल्या, हात पोटावर घेतलेल्या संगमरवरी मूर्तींचा मोह मात्र आवरा. विसाव्या शतकात त्यांना इतका भाव आला की बेटांवरची थडगी लुटली गेली. बहुतेक मूर्ती नेमक्या कुठे, कशाशेजारी होत्या, याची नोंदच नाही. त्यांच्या 'शांत पांढऱ्या' सौंदर्यावर पानंच्या पानं लिहिली जातात. प्रत्यक्षात अनेकींवर डोळ्यांच्या, केसांच्या रंगखुणा आढळल्या आहेत.

महाराष्ट्रात राहून सुरुवात करायची तर कोल्हापूरचं टाउन हॉल संग्रहालय गाठा. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेला पोसायडनचा, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाचा, छोटा रोमन कांस्यपुतळा तिथला. सापडल्याचं ठिकाण ठाऊक असलं की एवढ्याशा वस्तूवरूनही सागरी व्यापाराबद्दल बोलता येतं.

जर्मन आणि फ्रेंच वाचण्यापुरती तरी शिका. मूर्तींच्या बऱ्याच जुन्या सूची त्याच भाषांत आहेत. आणि थोडं नाव झालं की 'ही मूर्ती खरी का, जरा सांगा' असे संग्राहकांचे फोन येतील. सापडल्याच्या जागेचे कागद नसतील, तर मत देऊ नका. तुमच्या एका ओळीने चोरीच्या मालाची किंमत वाढते.