डिमेन्शिया झालेल्या माणसाशी बोलताना या चुका टाळा

"ओळखलंत का मी कोण?" हा प्रश्न घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि तोच सगळ्यात आधी बंद करायला हवा. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, आणि त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. त्यात नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर झिजतो. उत्तर आठवत नाही, पण आपलं चुकतंय हे मात्र जाणवतं. मग चिडचिड होते किंवा माणूस गप्प बसतो. त्यापेक्षा समोर येऊन, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून आपणच सांगावं: "काकू, मी सुनीता, शेजारची." "सकाळी काय खाल्लंत?" हीसुद्धा परीक्षाच. "आज थालीपीठ छान झालं होतं" एवढं म्हणा. बोलावंसं वाटलं तर त्या बोलतील.

"हे कुठे गेले?"

यजमान जाऊन काही वर्षं झालीत आणि आजी दिवसातून चारदा विचारतात. "अगं, ते गेले ना!" असं सांगितलं की ती बातमी दर वेळी नवी असते आणि दुःखही नवं. प्रसंग विसरला जातो, त्यानं आलेली अस्वस्थता मात्र रेंगाळते. "येतील संध्याकाळी" असं ठोकून देणंही बरं नाही, कारण मग त्या दाराशी जाऊन बसतात. "आठवण येतेय का त्यांची? चहात आलं लागायचंच ना त्यांना?" असं विचारून त्यांना बोलू द्या. आजार सुरुवातीचा असेल आणि त्या थेट, शांतपणे विचारत असतील, तर एकदा खरं सांगावं आणि जवळ बसावं.

"मला घरी जायचंय" हेही तसंच. स्वतःच्याच घरात, बहुधा दिवेलागणीला. "हेच तुझं घर" हा वाद कुणीच जिंकत नाही. आधी पाहा: लघवीला लागली आहे का, भूक, कुठं दुखतंय का? अंधारून येण्याआधीच दिवे लावा. सावल्यांनी गोंधळ वाढतो. मग गावाकडच्या घराबद्दल विचारा, थोडं चालवून आणा.

एका दमात चार सूचना

"उठा, तोंड धुवा, कपडे बदला, डॉक्टरांकडे जायचंय" यातलं काहीच पोहोचत नाही. एक वाक्य, एक काम. बोलून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजा. या शांततेत आपण तेच दुसऱ्या शब्दांत सांगतो आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पुन्हा सांगायचंच असेल तर तेच शब्द वापरा. बोलताना टीव्ही आणि मिक्सर बंद.

"अंघोळ करायची का?" विचारलं तर "झाली माझी" हेच ऐकू येणार. पाणी काढून ठेवा, पंचा हातात द्या, "पाणी तापलंय, चला." नकार आला तर हात ओढू नका, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. ब्युरोतून देखभालीला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा की "बाळा, शहाणी ना तू" असं लाडं-लाडं बोलायचं नाही. त्यानं विरोध वाढतो.

"माझी पाटली सुनेनं चोरली"

सफाई देऊ नका. "पाटली सापडत नाही? चला, बघू" म्हणून सोबत शोधा. लपवायच्या जागा ठरलेल्या असतात: उशीचा अभ्रा, गादीखाली, तांदळाचा डबा. तुम्हाला आधी दिसली तरी त्यांच्याच हाती लागू द्या; तुम्ही काढून दिलीत तर चोर तुम्हीच. सुनेनं हे मनाला लावून घेऊ नये, असं सांगणं सोपं आहे. म्हणून मुलानं हा भाग स्वतःकडे घ्यावा.

"आजारच वाढलाय" असं लगेच ठरवणं

बोलणं हळूहळू कमी होत असेल तर आधी कानातला मळ, श्रवणयंत्राची बॅटरी, चष्मा आणि कवळी तपासा. पण एक-दोन दिवसांत एकदम भलतंच बोलू लागले, भास होऊ लागले किंवा सारखी झोप येऊ लागली, तर ते डिमेन्शियाचं नेहमीचं वाढणं नसतं. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, नवं औषध (सर्दीच्या साध्या गोळीनंही होतं) यांपैकी काहीतरी असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि चालू औषधांची सगळी पाकिटं सोबत न्या.