स्वातंत्र्याच्या अर्थावर भाषण लिहिताना या चुका टाळा

स्वातंत्र्याचा अर्थ सांगायला निघालेली अनेक भाषणे पहिल्याच वाक्यात अडखळतात. "स्वातंत्र्य ही माणसाला लाभलेली अनमोल देणगी आहे" या वाक्याला कोणाचीच हरकत नसते, म्हणून ते कोणाच्या कानातही राहत नाही. लेखन पुढे सरकत नसेल तर भारदस्त शब्द शोधण्याआधी एवढेच ठरवावे, की आपण कोणाच्या आणि कशापासूनच्या स्वातंत्र्याविषयी बोलणार आहोत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अर्थांची सरमिसळ. देशाचे स्वातंत्र्य, मत मांडण्याची मोकळीक आणि मनाची मुक्ती एकाच परिच्छेदात आली की श्रोत्याच्या हाती काहीच लागत नाही. तत्त्वचिंतक आयझाया बर्लिन यांनी १९५८ साली ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात दोन अर्थ वेगळे केले होते: दुसऱ्यांनी आपल्याला न अडवणे हे नकारात्मक स्वातंत्र्य आणि आपल्या आयुष्याचे निर्णय आपल्या हाती असणे हे सकारात्मक स्वातंत्र्य. 'स्व' आणि 'तंत्र' मिळून झालेला आपला शब्द मला दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळचा वाटतो. समजा, प्रवेशअर्जावर विषयाच्या पसंतीचा रकाना घरातल्या मोठ्यांनी भरला आणि खाली सही तेवढी मुलीने केली. तिला कोणी कोंडले नाही, धमकावलेही नाही. तरीही निर्णय तिचा नव्हता. असे एक उदाहरण नीट उलगडले, तर व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही.

अमूर्त शब्दांची रास ही दुसरी चूक. मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांना नाकारलेल्या हक्कांबद्दल बोलताना न वटलेल्या चेकची प्रतिमा वापरली, आणि वचनभंग म्हणजे काय हे समोरच्या अफाट जनसमुदायाला लगेच उमगले.

'आपण सारे स्वतंत्र आहोत' असे सरसकट लिहिण्यापूर्वीही थांबावे. फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाशी गुलामाचा काय संबंध, असा थेट प्रश्न विचारला होता. ते स्वतः गुलामगिरीतून निसटलेले असल्यामुळे त्या प्रश्नाला विलक्षण वजन होते. आपल्या भाषणातल्या 'आपण' या शब्दाबाहेर कोण राहिले आहे, हे तपासणे मला भाषेच्या सफाईपेक्षा फार महत्त्वाचे वाटते.

"स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे" हे वाक्य घ्यायचेच असेल, तर मर्यादा कोणी, कोणासाठी आणि का घालायची, हेही सांगावे. नाहीतर ते वगळावे.

मूळ स्रोत सापडत नसलेली अवतरणे काढून टाकावीत. शेवटी घड्याळ लावून मसुदा मोठ्याने वाचावा. मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द धरले, तर पाच मिनिटांत ५०० ते ६०० शब्द बसतात. मजकूर जास्त भरला तर आधी सुविचार कापावेत. त्या मुलीचा अर्ज राहू द्यावा.