पिकअपच्या इंजिनातून वेगळाच आवाज येतोय? टर्बो खोलायच्या आधी या चुका टाळा

लोड भरून घाट चढताना बोनेटमधून शिट्टी किंवा फुसफुस ऐकू आली की बहुतेक जण एकच सांगतात, टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, गेला. ही सगळ्यात महागातली चूक आहे. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, त्याची बारीक शिट्टी असतेच, कायम एकसारखी येत असेल तर तिला हात लावू नका. शिट्टी अचानक मोठी झाली, सायरनसारखी चढायला लागली किंवा सोबत निळा धूर आला तर मात्र गाडी पुढे दामटू नका.

पिंपळगावहून कांदा भरून कसाऱ्यातून वाशीला जाणाऱ्या गाडीचं उदाहरण घ्या. रिकामी असताना काहीच नाही, पण लोडवर फुस्स आवाज, गाडीची ओढ कमी आणि मागे काळा धूर, असं असेल तर आधी इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज, म्हणजे रबरी पाईप, बघा. इंजिन थंड असताना होजच्या खालच्या बाजूने हात फिरवा, कारण चीर बहुतेक तिथेच असते जिथे डोळा जात नाही, क्लिप ढिली असेल तर जोडावर तेलकट काळा डाग दिसतो. हवा बाहेर जाते, डिझेल मात्र पडतच राहतं, म्हणून धूर. होज आणि क्लिपचं काम टर्बोच्या खर्चापुढे काहीच नाही, तरी लोक आधी टर्बो उतरवतात याचं खरंच वाईट वाटतं.

दुसरी चूक म्हणजे गरम गाडी गॅरेजला नेणं. सकाळी पहिल्या स्टार्टला टिकटिक येते आणि पाच-दहा किलोमीटरनंतर जाते, हा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाईपच्या) पॅकिंगचा प्रकार असू शकतो, धातू तापून फुगला की फट बंद होते, मग मेकॅनिक बिचारा ऐकणार काय? गाडी रात्रभर तिथेच ठेवा आणि सकाळी त्याच्यासमोर स्टार्ट करा, किंवा मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून न्या. मॅनिफोल्डच्या जोडावर काजळी दिसली तर तिथूनच लीक आहे.

कडकड, ठकठक आवाज असेल तर इंजेक्टरवर, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नळीवर, संशय जातो, आणि तो बऱ्याचदा बरोबरही असतो. पण जुन्या पंपाच्या गाडीत पाईपचा नट ढिला करून सिलेंडर तपासायचे ती सवय कॉमन रेल गाडीत, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या पाईपातून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नव्या गाडीत, अजिबात नको. त्या लाईनमध्ये हजार बारच्याही वर प्रेशर असतं, डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते आणि हात गमवायची वेळ येते. स्कॅनर लावून प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन (कॉम्प्युटर त्याचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते) बघायला सांगा. पावसाळ्यात हा आवाज सुरू झाला असेल तर त्याआधी डिझेल फिल्टरखालचं पाणी काढून बघा.

क्लच दाबला की आवाज बदलतो का हे तर कुणी बघतच नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच दाबल्यावर आवाज बंद झाला तर बहुतेक गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगकडे बघावं लागतं, दाबल्यावर सुरू झाला तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबताना फिरणारं बेअरिंग). इंजिन खोलायची गरजच नाही.

आवाज दाबायला जाड ऑइल किंवा बाटलीतलं औषध टाकू नका. खालून जड ठोका येतोय, रेस दिली की वाढतोय आणि ऑइलचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडतो तिथलं) असू शकतं, तिथेच बंद करा आणि गाडी ओढून न्या. असं दोन किलोमीटर चालवलं तरी क्रँक खराब होऊ शकतो.

चावी काढूनही इंजिन आपोआप रेस घेत राहिलं तर बहुतेक टर्बोचं सील फुटून इंजिन स्वतःचं ऑइल जाळतंय. घाबरू नका, वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबून आणि हँडब्रेक ओढून क्लच झटकन सोडा, इंजिन बंद पडेल. हवेच्या पाईपच्या तोंडाशी हात नेऊ नका.

आणि टर्बो खरंच बदलायचा असेल तर ऑइल येणारा पाईप साफ करून किंवा नवाच टाकून घ्या, जुना टर्बो कशाने गेला हेही विचारा. त्या पाईपात कार्बन अडकलेला राहिला तर नवीन टर्बोलाही ऑइल मिळत नाही, आणि थोड्याच दिवसांत तोच आवाज परत येतो.