मुलांच्या आरोग्याचे आकडे वापरताना या चुका टाळा

गोवंडीतल्या मुलांसाठी निवेदन लिहायला बसलं की बहुतेक जण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उघडतात आणि मुंबईचा आकडा उचलतात. पहिली चूक इथेच होते. या सर्वेक्षणात मुंबई शहर आणि मुंबई उपनगर असे दोन वेगळे जिल्हे आहेत. गोवंडी-मानखुर्द उपनगरात, आणि श्रीमंत जुहूसुद्धा त्याच उपनगरात. त्या सरासरीत गोवंडीतल्या शिवाजीनगरची गल्ली कुठून दिसणार? एम पूर्व वॉर्डाचं, म्हणजे गोवंडी-मानखुर्दच्या पालिका विभागाचं, चित्र हवं असेल तर अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात आणि पालिकेच्या दवाखान्यातच विचारावं लागतं.

वयोगटही नीट वाचा. २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ६८.९ टक्के मुलांना ॲनिमिया आढळला. हा आकडा ६ ते ५९ महिन्यांच्या बाळांचा आहे. तो शाळकरी मुलांच्या नावावर खपवलेला दिसला की फार वाईट वाटतं, कारण खरी अडचण त्यामुळे झाकली जाते. याच सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात किशोरवयीनांचा ॲनिमिया १५ ते १९ वर्षांच्या मुलींपुरताच आहे. पाचवी-सहावीतली मुलं त्यात नाहीतच.

किशोरांच्या वजनाला मोठ्यांचे बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजनाचे) निकष लावू नका. वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते असतात.

अंगणवाडीच्या आकड्यांत मात्र जास्त वेळ घालवा. मोजणीच्या दिवशी एकदा जाऊन बसा. बावीस महिन्यांचं बाळ रडतंय, आई त्याचे खांदे भिंतीला टेकवून धरते, सेविका घाईत उंची लिहून घेते. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून मोजायची असते. उभं मोजलं तर साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरते, आणि काठावरचं बाळ कागदावर खुंटलेलं ठरतं. सेविकेला दोष देऊ नका. लांबी मोजायची पाटी केंद्रात आहे का, ते आधी बघा.

मे महिन्यात अनेक कुटुंबं गावी जातात. समजा पटावर ६० मुलं आहेत, एप्रिलमध्ये ५५ मोजली आणि ५ तीव्र कुपोषित निघाली. मेमध्ये ३८ मोजली, ३ निघाली. इथे ‘कुपोषण घटलं’ असं लिहू नका. एप्रिलच्या यादीतली ती पाच नावं घ्या, मेच्या यादीत शोधा, आणि न सापडलेल्या मुलांच्या घरी सेविकेसोबत जाऊन या.